ऑरेंज अलर्ट, शाळेची सुट्टी आणि कोरडा दिवस : अंदाज चुकतो की आपण तो चुकीचा वाचतो?

पर्वतीपायथा

ऑरेंज अलर्ट आहे म्हणून शाळेने सुट्टी जाहीर करावी आणि त्या दिवशी लख्ख ऊन पडावे; दुसऱ्या दिवशी अलर्ट पिवळ्यावर आला म्हणून शाळा भरावी आणि नेमकी सुटायच्या वेळी सर कोसळावी, हा क्रम या पावसाळ्यात आमच्या भागात घडून गेला आहे. त्यानंतर पालकांच्या गटावर अंदाज वर्तवणाऱ्यांची जी धुलाई झाली, तिचा जोर त्या सरीपेक्षा अधिक होता.

दुसरीकडे बातम्या वेगळेच सांगतात. पाषाणच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे उष्णदेशीय हवामानाच्या संशोधन संस्थेत, 11.77 पेटाफ्लॉप्स (संगणकाच्या वेगाचे माप) क्षमतेचा 'अर्क' हा महासंगणक सप्टेंबर 2024 मध्ये कार्यान्वित झाला, मे 2025 मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ही अंदाजप्रणाली आली आणि अंदाजाच्या चौकटीचा आकार 12 किलोमीटरवरून 6 किलोमीटरवर उतरला. म्हणजे हा सगळा कारखाना आपल्याच गावात आहे आणि तरीही उद्या डबा करायचा की नाही, हे आपल्याला रात्री दहापर्यंत कळत नाही.

माझे मत असे आहे की दोष अंदाजात कमी आणि तो वाचून निर्णय घेण्याच्या आपल्या पद्धतीत जास्त आहे. आपल्याला काय वाटते? अलर्टच्या रंगावरून शाळा बंद ठेवणे योग्य आहे का? एक विनंती आहे. 'अंदाज पावसाचा आहे म्हणजे छत्री घरी ठेवा' हा विनोद शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसच्या, म्हणजे हवामान खात्याच्या, इमारतीइतकाच जुना, म्हणजे 1928 सालचा असावा, त्यामुळे तो येथे नको.

शनिवारातला

छत्रीच्या विनोदावर बंदी घातल्यास या धाग्यावरचे प्रतिसाद 'तुरळक ठिकाणी' एवढेच पडतील.

निवृत्त_निरीक्षक

शनिवारातला यांनी गमतीने लिहिले असले तरी मुद्दा तेथूनच सुरू होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझी बरीच वर्षे पर्जन्यमापकाच्या सोबतीत गेली आहेत.

अंदाजात 'तुरळक ठिकाणी' असे म्हटले जाते तेव्हा त्या विभागातील जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पावसाची नोंद होईल, असे अभिप्रेत असते. 'काही ठिकाणी' म्हणजे 26 ते 50 टक्के केंद्रे, आणि पुढच्या पायऱ्या याच हिशेबाने चढत जातात. म्हणजे 'तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस' हा अंदाज तंतोतंत खरा ठरला, तरी निदान तीन चतुर्थांश केंद्रे त्या पावसाबाहेर राहणार, हे त्या अंदाजातच सांगितलेले असते. ज्याच्या घरावर पाऊस पडला नाही तो 'अंदाज चुकला' म्हणतो आणि ज्याच्या घरावर पडला तो छत्री शोधत असल्यामुळे काहीच म्हणत नाही.

तीच गत आकड्यांची आहे. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून 115.5 मिलिमीटरपर्यंत पाऊस झाला की त्याला 'जोरदार' म्हणतात, त्यापुढे 204.4 पर्यंत 'अति जोरदार' आणि त्याच्याही वर 'अत्यंत जोरदार'. लक्ष्मी रस्त्यावर गुडघाभर पाणी साचवणारा पाऊस या हिशेबात पुष्कळदा 'मध्यम' निघतो, कारण अर्ध्या तासात 40 मिलिमीटर पडला आणि उरलेला दिवस कोरडा गेला, तर बेरीज 40 चीच राहते. शिवाय हे 24 तास मध्यरात्री सुरू होत नाहीत. ते सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतात, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी पडलेला पाऊस गुरुवारच्या सकाळच्या आकड्यात दिसतो. वर्तमानपत्रातला आकडा आणि आपली आठवण यांचा मेळ बसत नाही, त्याचे हे एक साधे कारण आहे.

कोथरूडकरीण

टक्केवारी मान्य आहे, परंतु माझी तक्रार टक्केवारीची नाही, वेळेची आहे. आमच्या मुलाच्या शाळेचा सुट्टीचा संदेश आला तेव्हा मुलगा व्हॅनमध्ये बसून गेलेला होता. व्हॅनवाले काका अर्ध्या वाटेवरून परत फिरले, परंतु तोपर्यंत मी ऑफिसच्या बसमध्ये चढले होते आणि सासूबाई मंदिरात होत्या. बंद घराच्या दारात तो शेजारच्या आजोबांबरोबर अर्धा तास बुद्धिबळ खेळत बसला. त्या दिवशी पाऊस पडला की नाही, हे मला आजही आठवत नाही.

सुट्टी द्यायची असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत द्यावी आणि द्यायची नसेल तर सकाळी सहानंतर गप्प बसावे.

पाषाणरोड

@कोथरूडकरीण, आपली अडचण खरी आहे, परंतु आदल्या संध्याकाळी सातला घेतलेला निर्णय हा तुलनेने जुन्या माहितीवर घेतलेला निर्णय असतो. हवामान खाते पुढच्या तीन तासांसाठी जो 'नाऊकास्ट' देते, तो रडार आणि उपग्रहांच्या ताज्या चित्रावरून तयार होत असल्यामुळे अधिक नेमका असतो. मात्र त्यावर विसंबायचे तर निर्णय पहाटेच होणार. लवकर कळवणे आणि अचूक कळवणे या दोहोंत ओढाताण आहे आणि कितीही मोठा संगणक आणला तरी ती संपत नाही.

ती का संपत नाही, याची गोष्ट सांगतो. 1961 साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर हवामानाचे एक छोटे गणित चालवत होते. तेच गणित मध्यापासून पुन्हा चालवण्यासाठी त्यांनी छापील कागदावरचा 0.506 हा आकडा यंत्रात भरला. यंत्राच्या पोटात मात्र तो 0.506127 होता. एवढ्याशा फरकाने थोड्याच वेळात दोन्ही हवामानांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. 1963 मध्ये त्यांनी हे रीतसर मांडले आणि तेव्हापासून असे मानले जाते की रोजच्या हवामानाचा तपशीलवार अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे नेता येत नाही. म्हणून आता एकच गणित न करता सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच गणित अनेक वेळा चालवतात. वीसपैकी चौदा गणितांत पुण्यावर पाऊस आला तर शक्यता सुमारे 70 टक्के.

आता 6 किलोमीटरच्या चौकटीबद्दल. पाषाणपासून हडपसरपर्यंत सरळ रेषेत अंतर मोजले तर अशा जेमतेम तीन चौकटी भरतात आणि त्या प्रत्येकीत सगळ्या पेठांना, टेकड्यांना आणि सोसायट्यांना मिळून एकच सरासरी आकडा मिळतो. आधीच्या 12 किलोमीटरपेक्षा हे पुष्कळच बरे आहे, परंतु वळवाचा एक ढग दोन-चार किलोमीटरचा असू शकतो आणि तो कर्वेनगरवर रिता होईल की वारज्यावर, हे त्या चौकटीला दिसत नाही.

शनिवारातला

एका चौकटीत सगळ्या पेठांना मिळून एकच सरासरी आकडा? सदाशिव पेठ आणि नारायण पेठ हे मान्य करणार नाहीत.

पंचांगप्रेमी

एवढ्या पेटाफ्लॉप्सची गरजच काय, असा नम्र प्रश्न आहे. आमच्या पंचांगात सूर्याच्या प्रत्येक नक्षत्रप्रवेशाचे वाहन दिलेले असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस भरपूर. कोल्हा किंवा मेंढा असेल तर हात आखडता. माझ्या आजोबांनी आयुष्यभर याच आधारावर छपराची कौले चाळली आणि घर कधी गळले नाही.

अंकगणिती

@पंचांगप्रेमी, आजोबांचे घर गळले नाही ते त्यांनी कौले वेळेवर चाळली म्हणून, वाहन कोणते का असेना. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

वाहन काढण्याची रीत सरळ भागाकाराची आहे. सूर्य नव्या नक्षत्रात जातो त्या वेळी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, आलेल्या संख्येला नऊने भागायचे आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक असे वाहन ठरवायचे. हे वाहन साधारण तेरा-चौदा दिवस चालते आणि ताम्हिणीला जे असते तेच दौंडलाही असते. आता ताम्हिणी आणि दौंड एकाच जिल्ह्यात असले तरी त्यांच्या पावसातले अंतर कोणत्याही बाकीत मावणारे नाही.

अंदाज खरा ठरणे आणि अंदाजात कौशल्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाबळेश्वरला जुलैत 'उद्या पाऊस पडेल' असे मी रोज सांगितले, तर जवळजवळ रोज बरोबर ठरेन, परंतु त्याबद्दल मला कोणी वेधशाळेत नोकरी देणार नाही. नेहमीच्या सरासरीपेक्षा वेगळे काही सांगून ते वारंवार खरे करून दाखवले तरच ते कौशल्य. पुण्याच्या जुलैत हत्ती आला काय आणि मेंढा आला काय, थोडाफार पाऊस होतोच, आणि जमेच्या बाजूला त्याचीच नोंद होते.

पंचांगप्रेमी

मेंढ्याचा अपमान सहन केला जाणार नाही. बाकी हिशेब मान्य आहे.

मुळशीवाला

ताम्हिणीचे नाव निघाले म्हणून लिहितो, कारण आम्ही त्याच वाटेवर राहतो. 25 जुलै 2024 च्या सकाळी संपलेल्या 24 तासांत शिवाजीनगरला 114 मिलिमीटर पाऊस झाला आणि ताम्हिणीला 556 मिलिमीटर. जिल्हा एक, दिवस एक, आणि आकडा जवळजवळ पाचपट. आता हवामान खाते पुण्याच्या घाटभागासाठी वेगळा इशारा देते, ही चांगली सुधारणा आहे, परंतु बातमीत तो 'पुण्याला रेड अलर्ट' असाच उतरतो. मग शहरातले लोक ऊन पाहून हसतात आणि आमच्याकडे ओढ्यावरचा रस्ता खरोखरच बंद झालेला असतो.

अलीकडे मावळ, मुळशी, भोर अशा तालुक्यांपुरती सुट्टी जाहीर होऊ लागली आहे आणि तेच योग्य आहे. आमच्याकडच्या मुलांना एसटी किंवा जीपने यावे लागते, शाळेची बस नसते. सुट्टी दिली म्हणून आमच्या मुलांचे नुकसान होत नाही. सुट्टी न दिल्यामुळे ती पलीकडच्या गावात अडकून पडतात.

जुना_मुठेकर

मुळशीवाला यांच्या आकड्यांना एक पुरवणी जोडतो. त्याच 25 जुलैला सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्याखाली गेली, ती शहरातल्या 114 मिलिमीटरमुळे नव्हे. वरच्या पाणलोट क्षेत्रात पडलेल्या पावसामुळे खडकवासल्यातून मुठेत 35,000 क्युसेकच्या आसपास विसर्ग करावा लागला. पाऊस घाटात पडतो आणि पाणी आमच्या दारात येते. त्यामुळे नदीकाठच्या शाळांनी आकाशाकडे पाहून काही उपयोग नाही, विसर्गाचा आकडा पाहावा.

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले तेव्हा मी लहान होतो. शहरात पूर आला त्या वेळी आमच्या वाड्यावर आभाळ फारसे काळे नव्हते, एवढे पक्के आठवते. पाऊस नाही म्हणजे पाणी येणार नाही, असा हिशेब आमच्या घरात त्यानंतर कोणी केला नाही.

याउलट 25 सप्टेंबर 2019 ची रात्र. नदीचा काहीही दोष नव्हता. कात्रजच्या बाजूला थोड्या वेळात प्रचंड पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगरच्या भागात माणसे नेली. दोन्ही पूर पुण्याचेच, पण एकाचा इशारा धरणावर मिळतो आणि दुसऱ्याचा फक्त ढगावर.

यंत्रमानव

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी हिंजवडीत काम करतो आणि मला वाटते की ही चर्चा पाच वर्षांत कालबाह्य होईल. 2023 मध्ये आलेल्या ग्राफकास्ट या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाने दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका यंत्रावर एका मिनिटाच्या आत दिला. युरोपच्या हवामान केंद्राने फेब्रुवारी 2025 पासून स्वतःचे असे प्रारूप नियमित वापरात आणले आहे. मग शेकडो कोटींचे महासंगणक हवेत कशाला?

पाषाणरोड

@यंत्रमानव, आपण दिलेली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. ग्राफकास्ट ज्या माहितीवर शिकले ती 1979 पासूनच्या जगभरच्या हवामानाची एक सलग नोंदवही आहे आणि ती नोंदवही महासंगणकावर भौतिकशास्त्राची समीकरणे सोडवूनच तयार झालेली आहे. रोजचा अंदाज सुरू करायलाही आजच्या हवेची अशीच मांडणी लागते. शिवाय ग्राफकास्टची चौकट पाव अंशाची, म्हणजे सुमारे 28 किलोमीटरची आहे. तिच्यात पुणे शहर आणि सिंहगड दोन्ही गुण्यागोविंदाने एकत्र नांदतात. तुमच्या-आमच्या वादाचा विषय त्या चौकटीच्या आतला आहे.

तरीही या तंत्राला मी हिणवणार नाही. मोठ्या पट्ट्यावरची हालचाल ते उत्तम पकडते. 1922 साली लुईस फ्राय रिचर्डसन यांनी हाताने आकडेमोड करून काढलेला सहा तासांचा अंदाज प्रसिद्ध केला होता. हवेचा दाब 145 हेक्टोपास्कलने वाढेल असे उत्तर आले आणि प्रत्यक्षात दाब जवळपास जागचा हलला नव्हता. त्यांचा अंदाज असा होता की जगाच्या हवामानाच्या वेगाने गणित करायचे तर 64,000 माणसे एका सभागृहात बसवावी लागतील. तेथून आपण येथवर आलो आहोत.

शनिवारातला

64,000 पुणेकर एका सभागृहात बसवले असते तर जगाचे हवामान दुपारी एक ते चार बंद राहिले असते.

बारामतीहून

शहरातल्या मंडळींना सुट्टीची चिंता आहे, आम्हाला पेरणीची असते. चुकीच्या दिवशी सुट्टी दिली तर एक दिवस वाया जातो, चुकीच्या दिवशी पेरले तर बियाण्याचे आणि खताचे पैसे जातात आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा दुकानदाराच्या दारात उभे राहावे लागते.

2025 सालचे उदाहरण घ्या. मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात पोहोचला आणि दोनच दिवसांत मुंबईपर्यंत आला. ज्यांनी ते पाहून घाई केली, त्यांनी पुढे आभाळाकडे डोळे लावले, कारण मेअखेरीस आगेकूच थबकली आणि जूनच्या मध्यापर्यंत थांबलेलीच राहिली. त्या वर्षी केंद्राच्या कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे काढलेला पावसाच्या आगमनाचा अंदाज 13 राज्यांतील सुमारे 3.8 कोटी शेतकऱ्यांना मोबाईल संदेशाने पाठवला होता आणि त्यात या खंडाचीही कल्पना दिली गेली होती. यंत्रमानव यांच्या म्हणण्यात त्यामुळे तथ्य आहे, फक्त ते हिंजवडीपेक्षा शिवारात अधिक आहे.

आमच्याकडे जुनी माणसे 75 ते 100 मिलिमीटर ओल झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरत नाहीत आणि कृषी विभागही तेच सांगतो. आम्ही अंदाज ऐकतो, मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला वाचतो आणि शेवटी ढेकूळ फोडून पाहतो.

कोथरूडकरीण

बारामतीहून यांचा प्रतिसाद वाचून माझी तक्रार फारच लहान वाटू लागली आहे, तरीही ती मागे घेत नाही. ढेकूळ फोडून पाहण्याची सोय आमच्या सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकमध्ये नाही.

निवृत्त_निरीक्षक

महासंगणकांच्या नावांबद्दल एक निरीक्षण नोंदवतो. आदित्य, प्रत्यूष, मिहिर, अर्क, अरुणिका, अशी एकामागून एक सूर्याशी आणि पहाटेशी नाते सांगणारी नावे पावसाचे गणित करणाऱ्या यंत्रांना दिली गेली आहेत. वरुणाला एकदाही संधी मिळालेली नाही. तो रुसत असेल तर त्याची बाजूही ऐकून घ्यावी.

आता गंभीरपणे. हंगामाचा अंदाज आणि उद्याचा अंदाज यांची सरमिसळ होते, तीही थांबली पाहिजे. संपूर्ण हंगामाचा अंदाज वर्तवण्याचा खटाटोप 1886 पासून चालू आहे, तेव्हा हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अदमास घेत असत. पुढे खात्याचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी मोसमी पावसाचे सूत्र शोधता शोधता प्रशांत महासागराच्या दोन टोकांवरच्या हवेच्या दाबाचा झोका शोधला, ज्याचे एल निनोशी, म्हणजे त्या महासागराचे पाणी तापण्याशी, असलेले नाते नंतर उलगडले. आपले वसंत गोवारीकर पुण्याचे; त्यांच्या पुढाकाराने 1988 पासून वापरात आलेल्या सोळा घटकांच्या प्रारूपाने अनेक वर्षे चांगले उत्तर दिले आणि 2002 मध्ये सर्वसाधारण पावसाचा अंदाज असताना देशात दुष्काळ पडला. त्याआधी 1997 मध्ये प्रबळ एल निनो असूनही पाऊस सर्वसाधारण झाला होता. प्रारूप बदलले गेले, कोणी ते कवटाळून बसले नाही. ज्या विद्येत फसलेला अंदाज जगजाहीर होतो आणि त्यावर काम करून पुढच्या वर्षी पुन्हा अंदाज दिला जातो, त्या विद्येची टिंगल करण्याआधी थोडा विचार करावा, असे मला वाटते.

पर्वतीपायथा

निवृत्त_निरीक्षक, आपला प्रतिसाद आवडला. रंगांबद्दल कोणी नेमके सांगेल का? मुलीने विचारले की ऑरेंज म्हणजे किती मिलिमीटर, आणि मला उत्तर देता आले नाही.

पाषाणरोड

रंगाला मिलिमीटर नसतात, हेच उत्तर तिला द्यावे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर परिणाम किती गंभीर, या दोन्हींचा एकत्र विचार होतो. फार गंभीर पण कमी शक्यतेची घटना आणि मध्यम गंभीर पण जवळपास निश्चित घटना, या दोन्हींना एकच रंग मिळू शकतो. म्हणून ऑरेंजच्या दिवशी ऊन पडले, एवढ्यावरून तो रंग चुकीचा होता असे म्हणता येत नाही. अशा अनेक ऑरेंज दिवसांचा हिशेब मांडला तरच त्याची परीक्षा होते.

आणि 'तयारीत राहा' याचा अर्थ 'शाळा बंद ठेवा' असा कोठेही लिहिलेला नाही. व्हॅनवाल्या काकांचा दूरध्वनी क्रमांक हाताशी असणे, शाळा लवकर सोडावी लागली तर मूल कोणाकडे जाईल हे ठरलेले असणे, ओढ्याकाठचे फाटक वापरायचे नाही हे रखवालदाराला सांगितलेले असणे, ही तयारी.

अंकगणिती

दहावीच्या गणित भाग 1 मध्ये पाचवे प्रकरण संभाव्यतेचे आहे. त्यात नाणी आहेत, फासे आहेत आणि 52 पत्ते आहेत. दरवर्षी मी मुलांना इस्पिकचे पान येण्याची संभाव्यता काढायला लावतो आणि दरवर्षी एखादा पालक विचारतो की शाळेत पत्ते का शिकवता. त्याच मुलाच्या घरी सकाळी '70 टक्के पाऊस' हे वाक्य ऐकून कोणी म्हणते की पाऊस येणार, कोणी म्हणते की दिवसाचा 70 टक्के भाग पाऊस असेल, आणि कोरडा दिवस गेला की सगळे म्हणतात की अंदाज फसला. दहा वेळा 70 टक्के सांगितले आणि दहाही वेळा पाऊस पडला, तर तो अंदाज देणाऱ्याने खरे तर आकडा कमी सांगितला, हे त्या घरात कोणाच्या लक्षात येत नाही.

या वर्षी मी पत्त्यांच्या जोडीला पावसाचा तक्ता ठेवणार आहे. रोजचा अंदाज एका रकान्यात, प्रत्यक्ष नोंद दुसऱ्यात, आणि सप्टेंबरअखेर 70 टक्क्यांचे सगळे दिवस वेगळे काढून त्यांतले किती ओले होते ते मुलांनीच मोजायचे. प्रश्न इतकाच आहे की प्रत्यक्ष नोंद कोणाची घ्यावी. शिवाजीनगरची घ्यावी की शाळेत पर्जन्यमापक बसवावा?

मुळशीवाला

शाळेतच बसवावा. शिवाजीनगरच्या आकड्यावर धनकवडीच्या मुलांचा विश्वास बसणार नाही.

जुना_मुठेकर

मूळ प्रश्नाकडे वळायचे तर माझे मत तालुकानिहाय आणि त्याहून पुढे शाळानिहाय निर्णयाचे आहे. घाटातल्या शाळांनी घाटाचा इशारा पाहावा, मुठेकाठच्या शाळांनी विसर्ग पाहावा, ओढ्याकाठच्या शाळांनी तीन तासांचा अंदाज पाहावा आणि टेकडीवरच्या शाळांनी मुकाट्याने वर्ग भरवावेत.

कोथरूडकरीण

आमची शाळा टेकडीवर आहे. मुलाने हा प्रतिसाद वाचू नये, एवढीच प्रार्थना.

यंत्रमानव

निवृत्त_निरीक्षक, शाळेत पर्जन्यमापक बसवायचा तर स्वयंचलित घ्यावा का? मोबाईलवर आलेख दिसेल, मुलांनाही आवडेल.

निवृत्त_निरीक्षक

जरूर घ्यावा, पण त्याच्या शेजारी साधा हाताने मोजायचाही ठेवावा. स्वयंचलित यंत्राच्या नरसाळ्यात पान अडकले तर ते पाऊस नसल्याचे ठामपणे सांगत राहते.

आमच्या काळी आपोआप नोंद करणारा पर्जन्यमापक असे. पिंपावर कागद गुंडाळलेला, त्यावर शाईचा काटा. पाणी साठत जाई तसा काटा वर चढे, 10 मिलिमीटर भरले की वक्रनळीतून सगळे पाणी एकदम निघून जाई आणि काटा सरळ खाली येऊन पुन्हा चढू लागे. संथ पावसात कागदावर लांबलचक चढण दिसे आणि मुसळधार पावसात कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दाटीने उमटत. तो कागद पाहिला की किती पडला आणि कसा पडला, दोन्ही कळे. ही उपकरणे परदेशातून आणावी लागत होती ती येथे बनू लागली, त्यामागे पुण्यात 1948 मध्ये रुजू झालेल्या अण्णा मणी यांचे फार मोठे काम आहे. उपकरणांवरच्या धड्यात मुलांना त्यांच्याबद्दल अवश्य सांगावे.

मोजायचे गणितही मुलांना गमतीचे वाटेल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. 1,000 चौरस फुटांची गच्ची म्हणजे 93 चौरस मीटर, आणि मुळशीवाला यांनी सांगितलेला शिवाजीनगरचा 114 मिलिमीटर पाऊस तिच्यावर पडला तर 10,600 लिटर, म्हणजे मेमध्ये सोसायटी जो टँकर मागवते त्यातला एक मोठा टँकर भरून थोडे उरेल.

अंकगणिती

हे गणित या आठवड्याच्या गृहपाठात जाणार. आपण एकदा शाळेत येऊन जागा दाखवाल का? मुख्याध्यापकांच्या मते गच्ची सोयीची आहे, कारण तेथे चेंडू लागत नाही.

निवृत्त_निरीक्षक

अवश्य येईन. गच्ची मात्र नको. तेथे वारा नरसाळ्यावरून थेंब उडवून नेतो आणि नोंद कमी येते. मोकळे मैदान पाहा, तोंड जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटर उंचीवर येईल असा तो बसवावा लागेल, आणि जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जी उंची असेल तिच्या निदान दुप्पट अंतर मध्ये सोडावे लागेल. चेंडूसाठी चार फुटांवरून तारेचे कुंपण घालू. नोंद सकाळी साडेआठलाच घ्यायची, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा, त्यामुळे शाळेजवळ राहणारी दोन मुले आधी निवडून ठेवा.

पर्वतीपायथा

ऑरेंज अलर्टच्या सुट्टीतही?

निवृत्त_निरीक्षक

त्या दिवशी तर नक्कीच. फक्त रखवालदाराकडून घ्या, मुलांना पाठवू नका.